राजा निजला, राणी उभी

बातमी आली तेव्हा मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात वाहतूक अधिकाऱ्यासमोर बसून भांडत होतो. माझ्या बसगाड्या तिथल्या पाळीच्या कामगारांची ने-आण करतात, आणि कराराची मुदत संपत आली की त्या थंडगार खोलीत डिझेलच्या भावावरून आमची दरवर्षी जुंपते. माझा आवाज चढला होता. तो तरुण अधिकारी सारखा घड्याळाकडे बघत होता, म्हणजे आता तो वाकणार हे मला कळलं होतं... तेवढ्यात फोन वाजला. मैलापूरहून कल्पना बोलत होती, माझ्या आत्याच्या शेजारी राहणारी. "अंकल, पाटी पोयिट्टांगा," एवढंच म्हणाली. आजी गेल्या. सकाळी कॉफी द्यायला ती आत गेली, तर आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, चष्मा डोळ्यांवर, वर्तमानपत्र मांडीवर. मी फोन खिशात ठेवला आणि त्या अधिकाऱ्याने सुरुवातीला सांगितलेला दर जसाच्या तसा मान्य करून टाकला. तो इतका गोंधळला की पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाला, "सार, तब्येत बरी आहे ना?"

कमळात्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी वडिलांबद्दल लिहावं लागतं, कारण ती जन्मभर त्यांच्या मरणाच्या सावलीत राहिली. माझे वडील रघुनाथराव सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत हवालदार होते आणि पासष्टच्या युद्धात पंजाबात एका कालव्याजवळ मारले गेले. आमचे पूर्वज तंजावरला आले ते तलवारी घेऊन, असं आजी सांगायची. पुढच्या पिढ्यांनी मात्र कारकुनी आणि मास्तरकीच केली. इतक्या पिढ्यांनंतर पुन्हा हत्यार हातात घेतलं ते माझ्या बापाने, आणि तोही परत आला नाही. दहन तिकडेच झालं. घरी आली ती एक लोखंडी पेटी, दोन गणवेश आणि दाढीचं सामान. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्यांचा चेहरा मला फोटोतला आठवतो, आवाज तर अजिबात नाही. मला आठवतं ते एक नवरात्र.

मद्रासला आमच्या घरात नवरात्रात कोलू मांडायची पद्धत आहे. लाकडी पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं आणि देवादिकांच्या, वाण्या-सोनारांच्या, लग्नाच्या वरातीच्या मातीच्या बाहुल्या ओळीने बसवायच्या. रोज संध्याकाळी गल्लीतल्या बायका येतात, गाणी म्हणतात, हळदीकुंकू, विडा आणि द्रोणभर सुंडल, म्हणजे फोडणी दिलेले हरभरे, घेऊन जातात. सगळ्यांत मानाची असते ती मरपाच्चीची जोडी. रक्तचंदनाचे राजा-राणी, वीतभर उंचीचे, लग्नात मुलीला आईने दिलेले. दसऱ्याच्या संध्याकाळी आरती झाली की या जोडीला पायरीवर आडवं करून निजवतात, म्हणजे कोलू संपला, आता बाहुल्यांनी विसावा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्या परत ट्रंकेत जातात.

त्या वर्षी नवरात्र बसायच्या आधी दोन-तीन दिवस रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे घर आनंदात होतं. आमच्या घरात सवाष्ण अशी एकटी माझी आईच. आजी विधवा, तीही जुन्या पद्धतीची, केशवपन केलेली, कोलूच्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसून राहणारी. आत्याचं लग्न ठरलं होतं, व्हायचं होतं. तेव्हा रोज दारात उभं राहून बायकांना आत घेणारी, कुंकू लावणारी आणि गाणारी आईच होती. मला ती दिसते... गर्द लाल रेशमी साडी, कपाळावर मोठं कुंकू, तंबोऱ्याशिवाय नुसत्या टाळीवर आमच्या घरातलं जुनं मराठी पद म्हणणारी. आणि दसऱ्याची संध्याकाळ दिसते. आरती झाली. आईने राजाला उचललं, पायरीवर हळूच आडवं केलं आणि त्याच्या छातीवरून हात फिरवला, जसा माझ्यावरून फिरवायची. उंबऱ्याआडून आजी ओरडली, "आणि राणी? दोघांना निजव!" आई हलली नाही. त्यानंतर मला आठवतं ते आत्याच्या हातात एक कागद, आजीचा हंबरडा आणि माझ्या तोंडातलं सुंडल. ते गिळावं की थुंकावं, हे मला कळेना.

हा कागद म्हणजे सैन्याची तार. ती नवरात्राच्या सुरुवातीलाच आली होती. पोस्टाच्या माणसाकडून आत्याने ती घेतली, सही केली आणि कोलू मोडू नये म्हणून दसऱ्यापर्यंत दाबून ठेवली, ही आमच्या घराण्यातली सर्वमान्य कथा. मी ती माझ्या मामाकडून ऐकली, मावश्यांकडून ऐकली, लग्नाकार्यांत अनोळखी बायकांकडून ऐकली. "नवरा मेलेल्या बाईला इतके दिवस नटवून बसवलं रे त्या कमळीने," असं म्हणून त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. आत्याने कधी नाकारलं नाही. तिचं कुंभकोणमचं ठरलेलं लग्न त्यातच मोडलं. सख्ख्या भावाचं मरण जी लपवते ती सून म्हणून नको, असं त्यांनी कळवलं. पुढे तिने लग्न केलं नाही. इंग्रजी शिकली, टायपिंग शिकली, एका विमा कचेरीत नोकरी धरली आणि आजी गेल्यावर मैलापूरच्या त्याच भाड्याच्या घरात एकटी राहिली.

आम्ही मायलेक महिनाभरातच तिथून निघालो. मामा येऊन आम्हांला ट्रिप्लिकेनला घेऊन गेला. आईने माहेरून आणलेली ती मरपाच्चीची जोडी मागेच ठेवली. ती शाळेत शिक्षिका झाली, मला मराठी लिहा-वाचायला तिनेच घासून शिकवलं, पण त्या नवरात्राचा विषय निघाला की ती उठून आत जायची. ती परत कधी गायली नाही. मी मोठा होत गेलो तसा माझा राग मोठा होत गेला. मला वाटायचं, अपमान इतका खोल गेलाय की तिला बोलवत नाही. आणि तरीही ही बाई दर नवरात्रात मला मैलापूरला पाठवायची! हातात नारळ, फुलं आणि एक नवा खण, आत्याला द्यायला.

"मी नाही जाणार," मी पाय आपटायचो. "तिने तुला एवढं केलं आणि तू तिला खण पाठवतेस?"

"जा," आई म्हणायची. "आणि दारातून फेकू नको. पायावर डोकं ठेव."

मी जायचो. खण टेबलावर आपटायचो, डोकं ठेवल्यासारखं करायचो. आत्या हसायची. "आला माझा जमीनदार," म्हणायची आणि द्रोण भरून सुंडल पुढे करायची. कोलू ती नेमाने मांडत असे, आणि वरच्या पायरीवर माझ्या आईचे राजा-राणी. दसऱ्याला कधी गेलो तर ती फक्त राजाला निजवताना दिसायची. राणी उभीच. अठराव्या वर्षी मला ते असह्य झालं. मी सगळ्या बायकांसमोर ओरडलो, "माझ्या बापाला दरवर्षी मारायला मजा वाटते का तुला?" गाणं थांबलं. आत्याने राजाच्या अंगावरचं उपरणं सारखं केलं आणि मला म्हणाली, "सुंडलात आज मीठ कमी आहे का रे? चेहरा तसा दिसतो तुझा." बायका हसल्या. मी घरी येईपर्यंत चालत होतो आणि शिव्या देत होतो.

पुढचं माझं आयुष्य सांगण्यासारखं एवढंच की मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. मद्रासजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर बोटींना बर्फ पुरवण्यापासून सुरुवात केली. तिथे मासळी किनाऱ्याला लागायच्या आत भाव ठरतो आणि जो आधी कंटाळतो तो हरतो. मी कधी कंटाळलो नाही. बर्फाचा टेंपो झाला, टेंपोची व्हॅन झाली, व्हॅनच्या बस झाल्या. लोक म्हणतात मी तापट आहे. असेन. पण माझं म्हणणं असं की ज्याला लहानपणी फसवणुकीची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली जाते, तो प्रत्येक सौद्यात आधी फसवणूक कुठे आहे ते शोधतो. आत्याशी मी संबंध तोडले नाहीत. तिच्या दवाखान्याच्या खेपा, मोतीबिंदू, घरमालकाशी तंटे हे सगळं मीच पाहिलं. पण प्रत्येक भेटीत एखादा टोमणा मारल्याशिवाय उठलो नाही. आई गेली त्यानंतर नवरात्रात त्या घरी पाऊल ठेवायचं मी सोडून दिलं. खण पाठवणारी राहिली नव्हती, आणि माझ्या स्वतःकडे द्यायला काही नव्हतं.

या वर्षी आमच्या भागातल्या एका मंडळाने स्वातंत्र्यदिनाला युद्धात कामी आलेल्यांच्या कुटुंबांचा सत्कार ठरवला. मला वडिलांबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी भाषण लिहिलं. तमिळमध्ये बोलायचं असलं तरी आधी मराठीत लिहिलं, कारण मनातला खरा राग मला मराठीतच येतो. वडिलांबद्दल दोन परिच्छेद झाले, मग लेखणी आपोआप आईकडे वळली. रणांगणावर मेलेल्याला सगळे सलाम करतात, पण त्याच्या बायकोला तिच्याच माणसांनी कसं फसवलं, हेही लोकांनी ऐकावं असं मला वाटलं. इतकी वर्षं घराण्यात कुजबुजलेली गोष्ट एकदा माइकवर सांगायची होती. आणि कबूल करतो, ती आधी आत्याला ऐकवायची होती. तिचा चेहरा बघायचा होता.

गेलो मैलापूरला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मी कागद काढला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"कसाला ओरडतोस?" ती म्हणाली. आत्या शेवटपर्यंत आमची तंजावरची मराठी बोलायची. तिचं 'का' म्हणजे 'कसाला' आणि 'मला' म्हणजे 'मज'. "मज ऐकू येतं. तू कुजबुजलास तरी कपालीच्या देवळाच्या तळ्यापर्यंत जातं."

मी वाचत राहिलो. शेवटी वाक्य होतं: 'माझी आई त्या नवरात्रात सवाष्ण म्हणून सगळ्यांना कुंकू लावत राहिली, कारण तिला ठाऊक नव्हतं.' वाचून कागद खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, लागलं. बरं झालं.

"चांगलं लिहिलंस," ती म्हणाली. "वहिनीने तुज मराठी चांगलं शिकवलं. सगळं ठेव. माझं नावही घाल पाहिजे तर. फक्त 'तिला ठाऊक नव्हतं' तेवढं काढ."

"का काढू?"

"खोटं आहे ते. रघूच्या नावाने उभा राहशील आणि खोटं बोलशील, बरं दिसत नाही."

...तिने जे सांगितलं ते सलग सांगितलं नाही. मध्ये पाणी प्यायली, मध्ये खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारून कढीपत्ता घेतला, त्याच्याशी घासाघीस केली. मी कोंडलेल्या माणसासारखा बसलो होतो. तार आली तेव्हा आजी आंघोळीला गेली होती. आत्याने सही करून ती घेतली, पण तार इंग्रजीत आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. घरात इंग्रजी वाचणारी एकच, माझी आई. आत्या धावत स्वयंपाकघरात गेली. "रघूची तार वहिनी, सुट्टीवर येतो वाटतं!" असं म्हणाली. आई हरभरे उपसत होती. तिने पदराला हात पुसले, तार वाचली, नीट घडी केली. मग कोलूपाशी गेली, वरच्या पायरीवरचं धोतर उचललं, राजा-राणीच्या खाली तो कागद सरकवला आणि धोतर पुन्हा ताणून बसवलं.

"मी विचारलं, कधी येतो?" आत्या म्हणाली. "ती म्हणाली, येत नाही. कमळे, दसरा होऊ दे. तोवर मी त्याची बायको आहे. आणि परत जाऊन हरभऱ्याला फोडणी दिली. मज फोडणीचा वास अजून येतो बघ..."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुझी आजी उंबऱ्याआड कशी बसायची ते पाहिलं होतंस की तू. वहिनीने रोज पाहिलं होतं. तिला ठाऊक होतं पुढे काय आहे. तेवढे दिवस मागितले तिने. मी कोण नाही म्हणणारी?"

त्या दिवसांत गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या कोलूसमोर डोकं टेकवून गेल्या, म्हणजे त्या तारेसमोरच टेकवून गेल्या. आणि प्रत्येकीच्या कपाळाला माझ्या आईने कुंकू लावलं. आई रोज गायली. आत्या समोर बसून टाळी धरायची. "एकदाही आवाज हलला नाही," आत्या म्हणाली. "माझा हात मात्र चुकायचा. ती डोळ्यांनी दटावायची, ताल सांभाळ म्हणून." दसऱ्याला आरती झाली, आईने राजाला निजवलं, मग धोतराखालून कागद काढला आणि आजीकडे वळली. तेव्हा आत्याने पुढे होऊन तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि मोठ्याने म्हणाली: तार आली होती, मी घेतली, मी लपवली.

"कशासाठी?" मी विचारलं.

"अय्यो, एवढा मोठा व्यापारी तू आणि हे कळत नाही? आपण विधवा झालो हे ठाऊक असून तिने अख्ख्या गल्लीला कुंकू लावलं होतं. पुढे कोणाचा नवरा नुसता शिंकला असता तरी तिच्या नावाने खडे फोडले असते. तिला मूल वाढवायचं होतं. मी काय, एकटी. माझं काय जाणार होतं, असं वाटलं तेव्हा." तिने कढीपत्त्याची जुडी मांडीवर घेतली. "गेलं ते नंतर कळलं."

आई तिच्याकडे दोनदा आली होती म्हणे, मी शाळेत असताना, खरं सगळ्यांना सांगून टाकते म्हणून. आत्यानेच तिला बसवलं. "म्हटलं, वहिनी, पोदुम. पुरे. तू सांगितलंस म्हणून कुंभकोणमचा तो माझ्यासाठी थांबणार आहे का? त्याला तोवर दोन मुलं झाली होती." हे सांगताना ती खळखळून हसली. मग म्हणाली, "इंग्रजी मात्र मी त्यासाठीच शिकले. मज ती तार वाचता आली असती, तर तिला तिच्या डोळ्यांनी वाचावी लागली नसती."

मी संतापलो. आयुष्यभर ज्या पायावर माझा राग उभा होता तो कोणी उपसून काढत होतं. "पुरावा काय?" मी म्हणालो.

"तुज काय गॅरंटी कार्ड पाहिजे? तू होतास की तिथे. माझ्या पायाशी, तोंड सुंडलाने भरलेलं. मी कसाला सांगू? तूच सांग, आधी काय झालं? राजा निजला, की कागद आला?"

आधी राजा निजला होता. हे मला कायम आठवत होतं. हजारदा डोळ्यांसमोर आलं होतं, आईचा तो हात, आजीचं ते ओरडणं, उभी राहिलेली राणी, आणि मग कागद. कागद यायच्या आधी आईने एकट्या राजाला का निजवावं, हे माझ्यासारख्या, दुसऱ्याच्या बिलातला फरक उलट्या बाजूने वाचणाऱ्या माणसाला इतक्या वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"खोटं बोलतेस," मी म्हणालो आणि उठलो. जिन्यात असताना तिचा आवाज आला, "शामा, कॉफी तरी पिऊन जा की..."

पंधरा ऑगस्टला मी स्टेजवर गेलो, वडिलांचं नाव सांगितलं, हात जोडले आणि खाली बसलो. मैलापूरला फिरकलो नाही. मनात तयारी चालली होती, पुढच्या वेळी जाऊन तिला काय काय विचारायचं त्याची. माझं भांडण आता दुप्पट झालं होतं. तिच्याशी होतंच, आईशीही होतं. दोघींनी माझ्या डोक्यावरून सौदा केला होता. एकीने काही दिवस घेतले, दुसरीने त्याची भरपाई सगळा जन्म देऊन केली, आणि मला, ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याला, दोघींनी खोट्या रागावर वाढवलं. इतका वाईट सौदा मी किनाऱ्यावर पाहिला नाही, कारखान्यात पाहिला नाही. हे सगळं तिला सुनवायचं होतं... आणि श्रीपेरुंबुदूरच्या त्या खोलीत फोन आला.

क्रियाकर्म मीच केलं. नंतर तिचं घर रिकामं करायला गेलो. फारसं काही नव्हतं. भांडी कल्पनाने घेतली. कोलूची ट्रंक पलंगाखाली होती, ती मी ओढून बाहेर काढली आणि उघडली. आत प्रत्येक बाहुली कापडात गुंडाळून ठेवलेली. कापड हातात घेतलं तसं ओळखीचं वाटलं... हिरव्या काठाचा खण. त्याखाली एक जांभळा. त्याखाली आंबा रंगाचा, ज्यावर मी एकदा मुद्दाम शाई सांडली होती, आत्याला नवा कोरा मिळू नये म्हणून. तो डाग तसाच. आईने पाठवलेला एकही खण आत्याने शिवला नव्हता. वाणी, सोनार, वरातीतले वाजंत्री, सगळे मी आपटलेल्या खणांत निजले होते. तळाशी राजा-राणी होते. ते वेगळे नव्हते. दोघं एकाच लाल खणात, शेजारी शेजारी, दोरा बांधून. मी बसलो तिथेच जमिनीवर.

कल्पना म्हणाली, "पाटी आधी राणीला वेगळी ठेवायची. तुमची आई गेली त्या वर्षी म्हणाली, आता हिला पण निजवायची. तेव्हापासून दोघं एकत्र."

आत्या गेली म्हणून आमच्याकडे या वर्षी कोलू नाही. पण नवरात्र जवळ आलंय आणि मैलापूरला तळ्याभोवती बाहुल्यांची दुकानं लागली आहेत. मागच्या आठवड्यात मी तिकडे गेलो. आत्याचं लग्न झालं नाही, म्हणून तिची मरपाच्ची कधी झालीच नाही. कोलूत तिचं असं काहीच नव्हतं. मला एक रक्तचंदनी राणी हवी होती, एकटी. दुकानदार ऐकेना.

"जोडीच घ्यावी लागते सार. एकटी कोणी घेत नाही, आम्ही विकत नाही. फोडलेली जोडी घरात ठेवतात का?"

मी त्याच्याशी भांडलो. हरेक दुकानात भांडलो. शेवटी तळ्याच्या उत्तरेला फुटपाथवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने पोत्याच्या तळातून एक काढून दिली. तिच्या राजाला वाळवी लागून तो गेला होता म्हणे. राणी जुनी, नाक झिजलेलं, हात मात्र शाबूत. बाई म्हणाली, "हिला काय भाव सांगू? घेऊन जा." मी म्हणालो, फुकट नको. ती म्हणाली, फुटक्या जोडीचे पैसे मी घेत नाही. मी म्हणालो, ही फुटकी नाही. आमची बरीच वादावादी झाली, बघे जमले. जन्मात पहिल्यांदा मी भाव चढवत होतो आणि समोरचं माणूस उतरवत होतं. शेवटी तिला कंटाळा आला. मी पैसे देऊनच उठलो.

राजा-राणी ट्रंकेत आहेत, लाल खणात. ही माझ्या ऑफिसात टेबलावर आहे, बसच्या चाव्यांशेजारी. मुलगी म्हणते, बाबा, हिला कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवा, धूळ बसतेय. रोज संध्याकाळी शेवटची गाडी सुटली की मी दिवे मालवायला उठतो. बाहेर इंजिनं थांबलेली असतात आणि कधी कधी त्या शांततेत आईचं ते पद ऐकू येतं. लहानपणापासून येतं. पूर्वी ते अजाण बाईचं गाणं होतं. आता त्याच सुरात मला सगळं ठाऊक असलेली बाई ऐकू येते, आणि तिच्यासमोर बसून टाळी धरणारी, ताल चुकणारी, वीस-बावीस वर्षांची मुलगी. मी हात पुढे करतो, त्या राणीला आडवी करावी म्हणून. तिला धरतोही... मग पुन्हा सरळ उभी करतो, तोंड दाराकडे करून, आणि दिवा मालवतो.